इंजिन चालू ठेवून रानाकडे बघणारी कविता

साप, हरीण, मासा, मूस (उत्तरेकडच्या जंगलातलं प्रचंड हरीण), ससाणा. विसाव्या शतकातल्या इंग्रजी कवितेत माणूस आणि रानटी जनावर समोरासमोर येतात अशा कवितांची एक वेगळी रांगच लावता येते. या कविता बहुतेकदा 'निसर्गप्रेम' नावाच्या एकाच खणात टाकल्या जातात आणि वाचन तिथेच फसतं. कारण यातल्या बऱ्याचशा कवितांत माणूस त्या जनावराला काहीतरी करतो. ओंडका फेकून मारतो, दरीत ढकलतो, गळाला लावतो, गोळी घालतो. प्रेम असलंच तर ते त्या कृत्याच्या आगेमागे, बरेचदा ओशाळून येतं. म्हणून अशी कविता हाती घेतली की 'कवीला काय वाटलं' हे लगेच विचारायला जाऊ नये. त्याचा हात काय करतोय ते आधी शोधावं. दुसरा प्रश्न जरा विचित्र वाटेल, पण तोही विचारावा: जवळपास इंजिन कुठे आहे?

सुरुवातीला विल्यम स्टॅफर्डची 'ट्रॅव्हलिंग थ्रू द डार्क' घ्यावी. ती १९६२ साली याच नावाच्या संग्रहात आली आणि पुढच्या वर्षी संग्रहाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. ओळी फक्त १८, म्हणजे चार-चार ओळींची चार कडवी आणि शेवटी दोन ओळी. जागा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, विल्सन नदीच्या कडेचा रस्ता. रात्रीची वेळ. रस्त्यावर एक हरिणी मरून पडलीय. पहिल्याच कडव्यात निवेदक अनुभवी ड्रायव्हरच्या तोंडचा हिशेब सांगतो: अशी जनावरं दरीत ढकलून देणंच बरं, रस्ता अरुंद आहे, चुकवायला कुणी गाडी वळवली तर आणखी मरतील. सूर अगदी कोरडा. पीडब्ल्यूडीच्या माणसानं सांगावं तसा.

मग तो मागच्या लाल दिव्याच्या उजेडात अडखळत तिच्यापर्यंत जातो. ती ताठ झालेली, जवळजवळ गार. तो तिला ओढायला लागतो, तेव्हा पोट मोठं असल्याचं लक्षात येतं. बोटं कुशीला लागतात आणि कुस ऊबदार लागते. आत पाडस आहे, जिवंत, पण कधीच न जन्मणारं. इथे तो थबकतो. कवितेचा सगळा भार या थबकण्यावर आहे आणि ते तिसऱ्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत, अगदी साध्या विधानात येतं.

चौथं कडवं लोक घाईत वाचतात. खरं तर ते सगळ्यांत सावकाश वाचायला हवं. त्यात माणूस काहीच करत नाही, गाडी करते. दिवे मंद करून पुढे रोखलेले. बॉनेटखाली इंजिन एका लयीत गुरगुरतंय. मागून निघणारा गरम धूर लाल उजेडात रंगतोय आणि हा त्यात उभा आहे. हरिणी गार, पाडस निपचित, आणि त्या सगळ्यांत जिवंत जनावरासारखं वागणारं एकच, मोटार. तिला श्वास आहे, ऊब आहे, नजर आहे. हरिणीला मारणारीही असलीच कुठली तरी गाडी असणार. कवी तसं म्हणत मात्र नाही. त्या क्षणी सगळं रान कान देऊन ऐकतंय असं त्याला जाणवतं, आणि तिथे जमलेल्यांना तो 'आमचा घोळका' म्हणतो. त्या घोळक्यात मोटारही धरायची की नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. माझ्या मते धरायची.

शेवटच्या दोन ओळींत तो म्हणतो की मी आपल्या सगळ्यांसाठी नीट विचार केला, वळलो असेन तर तेवढाच, आणि मग तिला कड्यावरून नदीत ढकलून दिलं. पहिल्या कडव्यातलं गाडी वळवणं इथे मनाचं वळणं होऊन परत येतं. तिथे ते धोक्याचं होतं, इथेही ते फार वेळ परवडत नाही.

ही कविता वर्गात शिकवली की हमखास एक प्रश्न येतो: पोट कापून पाडस वाचवता आलं नसतं का? प्रश्न भाबडा म्हणून उडवून लावू नये. शरीरशास्त्राच्या अंगानं पाहिलं तर आई मेल्यावर गर्भाला ऑक्सिजन काही मिनिटंच पुरतो, आणि शरीर ताठ व्हायला साधारण काही तास लागतात. आतल्या अवयवांची ऊब मात्र कातडी गार पडल्यानंतरही बराच वेळ टिकते. म्हणजे बोटांना लागलेली ऊब ही जीव असल्याची खात्री देत नाही. निवेदक ती खात्री धरून चालतो, आणि तसं धरल्यामुळेच ढकलणं जड होतं. त्याला वाचवण्याचा मार्ग खुला होता असं वाचलं की तो खलनायक होतो. मार्गच नव्हता असं वाचलं की थबकणं नाटकी वाटायला लागतं. कविता या दोन्हींच्या मधल्या अरुंद पट्टीवर उभी आहे, त्या रस्त्यासारखीच.

आता इंजिन नसलेली कविता. रॉबर्ट फ्रॉस्टची 'द मोस्ट ऑफ इट' १९४२ च्या 'अ विटनेस ट्री' संग्रहातली. एकूण २० ओळी, एकाआड एक यमक, मध्ये कुठेही कडवं तुटत नाही. एक माणूस तळ्याच्या काठी उभा राहून हाका मारतो. पलीकडच्या झाडीच्या कड्यावरून त्याचाच आवाज परत येतो. त्याची तक्रार अशी की जगाकडून आपल्याला आपल्याच प्रेमाची नक्कल नकोय, उलट प्रेम हवंय, स्वतःहून दिलेलं उत्तर हवंय. आणि उत्तर येतं! पलीकडे दगडांवर धडधड, लांबवर पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज, मग पोहत जवळ येणारं काहीतरी. माणूस समजून आपण वाट बघतो, आणि जवळ येतो तो एक दांडगा नर हरीण. चुरगळलेलं पाणी पुढे रेटत येतो, धबधब्यासारखा निथळत काठावर चढतो, खडकांतून खूर आपटत जातो, झुडपं फोडून निघून जातो. बस, एवढंच.

फ्रॉस्टनं शेवटच्या तीन ओळी एकाच उभयान्वयी अव्ययानं सुरू केल्यात. 'आणि' चढला, 'आणि' अडखळला, 'आणि' घुसला, आणि संपलं. त्या नराला एकही मानवी क्रिया दिलेली नाही. तो बघत नाही, थांबत नाही, त्याला त्या माणसाची दखलही नाही. आता हे उत्तर म्हणायचं की नाही? कविता सांगत नाही, आणि समीक्षक याच ठिकाणी दोन बाजूंना जातात. काहींना शेवटचं 'एवढंच' निराशेचं वाटतं, काहींना त्यात भारावलेपण दिसतं. ओळी मोठ्यानं वाचून पाहिल्या तर दुसऱ्या बाजूला थोडं झुकतं माप द्यावंसं वाटतं, कारण क्रियापदांचा एवढा जोर निराशेच्या कवितेत सहसा लागत नाही.

हाच फ्रॉस्ट १९२३ च्या 'न्यू हॅम्पशायर' संग्रहात 'टू लुक अॅट टू' लिहून बसलाय, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. तिथे संध्याकाळी डोंगर चढणारं जोडपं पडक्या कुंपणापाशी थांबतं, पलीकडे आधी हरिणी येते, मग नर येतो. दोघं दोघांकडे बघतात. शेवटी वाटून जातं की धरणीनं आपल्या प्रेमाला प्रेमानं जबाब दिला. पण त्या वाक्याच्या आधी 'जणू' आहे. अख्ख्या कवितेचा आनंद त्या एका 'जणू'वर तोललेला आहे. एकोणीस वर्षांनी 'जणू' गेलं, जोडीदार गेला, कुंपण गेलं, आणि तळ्याकाठी एकटा माणूस उरला. या दोन कविता शेजारी ठेवून वाचल्या की फ्रॉस्टच्या निसर्गाबद्दल वेगळं व्याख्यान लागत नाही.

डी. एच. लॉरेन्सची 'स्नेक' या सगळ्यांपेक्षा जुनी. सिसिलीतल्या ताओर्मिना गावी राहत असताना लिहिलेली, १९२१ मध्ये छापली गेली, आणि मग १९२३ च्या 'बर्ड्स, बीस्ट्स अँड फ्लॉवर्स'मध्ये आली. जुलैचा उकाडा, एटना ज्वालामुखी धुमसतोय. निवेदक पायजम्यावर, हातात घागर घेऊन कॅरोबच्या झाडाखालच्या दगडी डोणीवर पाणी भरायला येतो, तर त्याच्या आधी साप येऊन पाणी पितोय. तो रांगेत मागे उभा राहतो. लॉरेन्सचं कौशल्य इथे आहे. साप त्याच्याच डोणीवरचा पाहुणा, आणि हा आपल्याच दारात दुसऱ्या नंबरवर.

साप मातकट पिवळा, सोनेरी झाक असलेला. कवीच्या शिक्षणाचा आवाज सांगतो की सिसिलीत काळे साप निरुपद्रवी, सोनेरी विषारी, तेव्हा मार. ही माहिती अगदीच थापेबाज नाही. तिथला काळा धामणीच्या जातीतला साप खरोखर बिनविषारी आहे, आणि तिथला विषारी साप म्हणजे तपकिरी अंगाचा व्हायपर. म्हणून 'वाईट शिक्षण विरुद्ध चांगला निसर्ग' असा सरळ सामना लावला की कविता पातळ होते. शिक्षणाच्या आवाजाकडे तथ्य आहे, भीतीही खरी आहे. निवेदक कबूल करतो की मी घाबरलो होतो, फार घाबरलो होतो, आणि तरीही त्यानं माझ्याकडे पाहुणचार मागितला याचा मला मान वाटत होता. भीती आणि मान एकाच दमात येतात, एकानं दुसऱ्याला हटवलेलं नाही.

ओंडका कधी फेकला जातो ते नीट बघा. साप पाणी पीत असताना फेकलेला नाही. मान वर करून बघत होता तेव्हाही नाही. तो पाठ वळवून भिंतीतल्या काळ्या भेगेत परत शिरायला लागला तेव्हा याला कसलीशी किळस आली, जाणं सहन झालं नाही, आणि घागर खाली ठेवून ओंडका उचलला गेला. तोही डोणीवर आदळला. साप बहुधा बचावला, पण त्याचं ते डौलदार संथपण मोडलं आणि उरलेलं अंग विजेसारखं वळवळत आत गेलं. म्हणजे राग सापाच्या असण्यावर नव्हता, निघून जाण्यावर होता. आपल्या ताब्याबाहेरच्या अंधारात तो स्वखुशीनं परत चालला होता. पुढे मग पश्चात्ताप, स्वतःच्या क्षुद्रपणाची शरम, त्याला पाताळातला पदच्युत राजा म्हणणं. हे सगळं नंतरचं. लॉरेन्सचा मुक्तछंदही याला साथ देतो. सापाच्या ओळी लांब आणि सरपटणाऱ्या, आवाजांच्या ओळी तुटक, हुकूम सोडल्यासारख्या.

कॉलेजच्या उत्तरपत्रिकांत या कवितेवर 'कवीला सापाबद्दल आदर वाटतो' एवढंच लिहिलं जातं. आदर वाटणाऱ्यानं ओंडका का फेकला, याला एकही वाक्य मिळत नाही. गुण मात्र मिळतात.

आता एलिझाबेथ बिशप. इंजिन खऱ्या अर्थानं तिच्याकडे आहे. 'द फिश' १९४० साली छापली गेली, नंतर १९४६ च्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये आली. ७६ छोट्या ओळी, एकच सलग खंड. भाड्यानं घेतलेली छोटी होडी, एक प्रचंड मासा गळाला लागलेला, ओठाच्या कोपऱ्यात गळ तसाच, आणि ती त्याला होडीच्या कडेला अर्धा पाण्याबाहेर धरून बघतेय. मासा झुंजलाच नाही. वाचताना तो 'अर्धा पाण्याबाहेर' सोडून देऊ नका. ही सगळी निरखणी चाललीय तोवर त्याचे कल्ले हवा ओढतायत, आणि ती हवा त्याच्यासाठी भयंकर आहे हे कवयित्रीच लिहिते. ७६ ओळींचं घड्याळ माशाच्या श्वासावर चालतंय.

उपमा मोजल्या तर गंमत कळते. कातडी जुन्या वॉलपेपरसारखी सोललेली, आतलं मांस पिसांसारखं दाबून भरलेलं, डोळ्यांमागे कळकट चंदेरी कागद. म्हणजे माशाला समजून घ्यायला ती एकेक करून घरातल्या वस्तू काढतेय. मधूनच बार्नॅकलचे (अंगाला चिकटून बसणाऱ्या समुद्री कवचजीवांचे) ठिपके, पांढऱ्या समुद्री उवा, लोंबणारं हिरवं शेवाळ, हे मात्र उपमेशिवाय, जसं आहे तसं. मग ती डोळ्यांत बघते. माझ्यापेक्षा मोठे पण उथळ, पिवळट. ते किंचित हलतात, पण माझ्या नजरेला नजर द्यायला नव्हे. एखादी वस्तू उजेडाकडे कलावी तसे. फ्रॉस्टच्या नरासारखंच. ओळख नाकारली गेलीय.

खालच्या ओठात पाच जुने गळ सापडतात. चार तुटलेल्या दोऱ्या आणि एक तारेचा तुकडा, त्याची फिरकी अजून शाबूत. ओठाच्या मांसात पक्के रुतून बसलेले. पाच वेळा धरला गेला आणि पाचही वेळा सुटला. इथे ती उपमा बदलते: पदकं, शहाणपणाची दाढी. घरातून ती एकदम लष्करात पोहोचते. मासा म्हातारा सेनानी झाला की त्याला सोडणं सोपं होतं, हे निर्दयपणे म्हणायला हवं.

आणि तरीही शेवट सेनानीवर होत नाही. विजयानं होडी भरून जाते, पण भरते कुठून? तळात साचलेल्या घाण पाण्यावर तेलाचा तवंग पसरलाय, गंजलेल्या इंजिनाभोवती इंद्रधनुष्य उमटलंय. तिथून नजर गंजून नारिंगी झालेल्या पाणी उपसायच्या भांड्याकडे, उन्हानं तडकलेल्या फळ्यांकडे, दोरीला बांधलेल्या वल्ह्यांच्या कड्यांकडे जाते आणि सगळंच इंद्रधनुष्य होतं. मग ती मासा सोडते. सोडण्यामागचा साक्षात्कार गळक्या इंजिनाच्या तेलातून आलाय! रम्य आणि घाणेरडं वेगळं करता येत नाही अशी ही जागा आहे. 'करुणेपोटी माशाला जीवदान' या सारांशात ते तेल कुठेच येत नाही, आणि ते गाळलं की कविता शाळेच्या भिंतीवर लावायच्या लायकीची होते.

हात हा प्रश्न टेड ह्यूजकडे नेला की तो वेगळ्या तऱ्हेनं उत्तर देतो. १९६० च्या 'लुपरकल'मधली 'हॉक रूस्टिंग' ही २४ ओळींची कविता ससाणा स्वतःच बोलतो. माणूसच नाही, म्हणून माणसाचा हात नाही, पंजा आहे. झाडाच्या शेंड्यावर डोळे मिटून बसलेला ससाणा सांगतो की हे सगळं माझ्यासाठी आहे, मी वाटेल तिथे मारतो कारण सगळं माझंच आहे, माझी रीत म्हणजे मुंडकी तोडणं. छापल्यावर यात काही वाचकांना हुकूमशहा दिसला. ह्यूजचं म्हणणं होतं की लिहिताना त्याच्या डोक्यात होतं ते असं की या ससाण्यातून निसर्गच विचार करतोय. दोन्ही बाजू समजतात, कारण पक्षी सरकारी बोलतो. पृथ्वी त्याच्या तपासणीसाठी वर तोंड करून आहे, मृत्यूचं वाटप होतं, हक्क सिद्ध करायला युक्तिवाद लागत नाही, डोळ्यानं बदलाला परवानगी दिलेली नाही. हा शब्दसाठा ऑफिसातला आहे. रानाला आवाज द्यायला गेलं की तोंडात आपलीच भाषा येते, आणि ह्यूजनं ती लपवली नाही.

मला स्वतःला ह्यूजचीच 'पाइक' जास्त पक्की वाटते. पाइक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, आपल्या मरळीसारखा दबा धरून बसणारा. कविता मापांवर चालते. पहिला पाइक तीन इंचांचा, अंडं फोडल्यापासूनच खुनी. मग काचेच्या टाकीत पाळलेले तीन: तीन इंची, चार इंची, साडेचार इंची. त्यांना बारीक मासे घालतात. एक दिवस तिघांचे दोन होतात, शेवटी एक. पुढे दोन मोठे, प्रत्येकी सहा पौंडांचे, दोन फुटांहून लांब, काठच्या गवतात मरून पडलेले. एकाच्या घशात दुसरा कल्ल्यांच्याही पुढे अडकलाय. आणि शेवटी तळं, रुंदी पन्नास यार्ड. खोली मात्र मापात सांगत नाही, ते इंग्लंडइतकं खोल आहे म्हणतो. इंचांपासून सुरू झालेली मोजणी तिथे तुटते. त्या तळ्यावर रात्री गळ टाकून बसलेल्याच्या डोक्यावरचे केस थिजतात, कारण आता खालून काहीतरी सावकाश वर येतंय आणि ते बघतंय. टाकीच्या काचेआडून माणूस बघत होता. शेवटच्या कडव्यात बघणारा बदलला. हात अजून गळावर आहे, पण आता कोण कुणाला पकडतंय याची शाश्वती राहिली नाही.

रॉबिन्सन जेफर्सच्या 'हर्ट हॉक्स' (१९२८) बद्दल थोडक्यात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कार्मेलला यानं स्वतःच्या हातांनी दगडी मनोरा बांधला आणि माणसांपेक्षा दगड-ससाण्यांना वरचं स्थान देण्याची भूमिका आयुष्यभर रेटली. या कवितेत तो सांगून टाकतो की शिक्षेची भीती नसती तर ससाण्याऐवजी माणूस मारला असता. पंख मोडलेल्या लाल शेपटीच्या ससाण्याला सहा आठवडे खाऊ घातलं, मोकळं सोडलं, तो संध्याकाळी परत आला, आणि मग त्याला शिशाची भेट दिली. गोळीला भेट म्हणणं आणि पक्ष्यानं मरण मागितलं असं धरून चालणं, या दोन ठिकाणी जेफर्स जे मानत नाही तेच करतो: पक्ष्याला माणसाचं मन देतो. हा त्याचा दोष म्हणून मोजावा. तरी खाली पडलं ते मऊ पिसांचं, घुबडासारखं लोकरी अंग आणि वर उसळलं ते दुसरंच काही, अशी शेवटची फोड विसरता येत नाही.

मराठी वाचकाला या कवितांशी जुळवून घ्यायला एक अडचण पडते ती शाळेमुळे. बालकवींचा औदुंबर जळात पाय टाकून बसतो. तिथे माणूस हजर नाही, पण झाडाला बसण्याची तऱ्हा माणसाची आहे, आणि त्याबद्दल कुणाला काही विचारावंसं वाटत नाही. त्याच सवयीनं मर्ढेकरांच्या पिपातल्या उंदरांकडे गेलं की धक्का बसतो. हाताचा प्रश्न तिथे लावून बघा. 'माना पडल्या, मुरगळल्याविण.' मुरगळणारा हात नाही असं कवी मुद्दाम नोंदवतो, आणि तरी पिंप आहे, म्हणजे ते ठेवणारं कुणीतरी आहे. स्टॅफर्डच्या रस्त्यावर हरिणीला धडक देणारा जसा गैरहजर, तसाच. मर्ढेकरांची ही कविता १९४७ च्या 'काही कविता'तली आहे, बिशपची 'द फिश' पुस्तकात येऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं.

ज्यांना अशा कविता लिहायच्या आहेत त्यांच्याकडून नेहमी होणाऱ्या दोन-तीन चुका. पहिली जीवशास्त्राची. सापाला पापण्या नसतात, तेव्हा त्यानं डोळे मिचकावले की कविता तिथेच मेली. हरिणीच्या डोळ्यांतलं 'पाणी' भावनेचं आहे असं गृहीत धरणं हेही त्यातलंच. जात, वेळ, अंतर, हातात काय होतं, एवढं तरी आधी कागदावर काढावं. ह्यूजला साडेचार इंच माहीत होते. दुसरी चूक शेवटची. जनावर निघून गेल्यावर कवीला काय समजलं हे दोन ओळींत सांगायची ऊर्मी येते. त्या दोन ओळी झाकून कविता वाचावी. ती उभी राहत असेल तर त्या काढाव्यात, पडत असेल तर मुळात प्रसंगच नीट बघितलेला नव्हता. लॉरेन्सनं त्या ओळी ठेवल्या, पण त्याआधी ओंडका फेकण्याचा गुन्हा कवितेत नोंदवला होता. गुन्ह्याशिवाय पश्चात्ताप लिहिला की तो भाषण होतो. आणि तिसरी, आपली मोटार, मोबाइल, टॉर्च कवितेतून पुसून टाकणं. रानात आपण पायी, रिकाम्या हातांनी, ऋषीसारखे पोहोचलो असा आव येतो. गाडी कुठे लावली होती?

बिशपची 'द मूस' ही शेवटी वाचावी, कारण ती यातली एकच कविता जिथे इंजिन हजर आहे आणि हात मात्र काही करत नाही. १६८ ओळी, सहा-सहाची २८ कडवी. हिची सुरुवात १९४६ च्या एका प्रवासानंतर झाली आणि ती पूर्ण होऊन छापली गेली १९७२ मध्ये. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियातून अमेरिकेतल्या बॉस्टनकडे निघालेली बस. पहिलं वाक्य सहा कडवी संपेपर्यंत पूर्णविराम घेत नाही: भरती-ओहोटी, लाल माती, चर्च, मेपल, मग बस, मग निरोप देणारी माणसं. धुकं येतं, अंधार पडतो, मागच्या सीटवर म्हातारी माणसं कुणाचं लग्न, कुणाचं दारूचं व्यसन, कोण गेलं यावर हळू आवाजात बोलतात. पेंग येते. मूस यायला तीन चतुर्थांश कविता जावी लागते. ड्रायव्हर धक्का देऊन गाडी थांबवतो, दिवे बंद करतो. ती रस्त्याच्या मधोमध उभी, चर्चइतकी उंच, बिनशिंगांची. पुढे येऊन बसच्या तापलेल्या बॉनेटला हुंगते.

ही हुंगण्याची जागा स्टॅफर्डशेजारी ठेवा. तिथे माणूस मेलेल्या हरिणीला हात लावतो, इथे जिवंत मूस इंजिनाचा वास घेते. प्रवासी कुजबुजतात: केवढी आहे, काही करत नाही हो, अरे ही तर मादी! कवयित्री विचारते की आपल्या सगळ्यांना हा गोड आनंद का होतोय, आणि उत्तर देत नाही. ड्रायव्हर आपल्या खास उच्चारात काहीतरी शेरा मारून गियर टाकतो. मान मागे वळवली तर चांदण्यात डांबरावर ती अजून दिसते. मग मूसचा पुसट वास, आणि पेट्रोलचा उग्र वास.

मोठ्यानं वाचायला साधारण सात-आठ मिनिटं लागतात. पहिल्या सहा कडव्यांत दम कुठे घ्यायचा ते आधी पेन्सिलनं खुणा करून ठेवावं, नाहीतर चौथ्या कडव्यापर्यंत आवाज फाटतो. आणि मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांचं बोलणं घाईत उरकू नये. तिथे कंटाळा आला पाहिजे, म्हणजे मग धक्का लागतो.